खरेदीदारावरच पहारा (संगणकयुगाचे कायदेकानू : लेखांक ६)

चोरनकलेविरुद्धच्या जुन्या कुलपांचा परिचय आपण मागील लेखांकात करून घेतला. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या संगणकीय खेळाचा पहिला टप्पा ओलांडल्यावर औषधाच्या बाटल्या मांडलेले एक दालन लागे, आणि सोबतच्या पुस्तिकेतील अमुक पानावरील अमुक ओळीतल्या अमुक शब्दाचे आद्याक्षर ज्या बाटलीशी असेल तीच प्राशन करावी लागे. त्या कुलपाचा जाच नव्हता असे नाही. परंतु ज्याच्या हाती पुस्तिका त्याला अन्य कोणाची मर्जी सांभाळण्याचे कारण नसे, आणि प्रकाशकाचे दिवाळे निघाले तरी दालनाचे दार उघडावयाचे थांबत नसे.

आज ज्याचा विचार करावयाचा तो 'ऑल्वेज-ऑनलाइन' प्रकार निराळ्या जातीचा आहे. खेळ सुरू होताच तो इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो, खेळणाराचे खाते तपासून घेतो, आणि एवढ्यावर न थांबता खेळ चालू असेपर्यंत ही तपासणी चालूच ठेवतो. उत्तर येण्याचे थांबले की खेळही थांबतो. जामिनावर सुटलेल्या इसमाने ठाण्यात जाऊन हजेरी द्यावी, तशी ही हजेरी रोख पैसे मोजून माल घेतलेल्या गृहस्थाला द्यावी लागते. मार्च २०१० मध्ये युबिसॉफ्टने 'असॅसिन्स क्रीड २'च्या संगणकावरील आवृत्तीला ही पद्धत लावली, आणि त्याच महिन्यात तिचे सर्व्हर बाहेरच्या हल्ल्याने कोलमडून अधिकृत प्रत घेणारे खेळाबाहेर राहिले. २०१२ च्या मे महिन्यात 'डायब्लो ३' प्रसिद्ध झाला, त्या वेळी एकट्याने खेळू इच्छिणारेही 'एरर ३७' या सूचनेपाशी अडकून पडले.

परंतु या साऱ्या प्रकरणाचे अंतरंग जितके 'सिमसिटी'त उघडे पडले तितके अन्यत्र कोठेही पडले नाही. विल राइट यांनी १९८९ मध्ये निर्माण केलेला हा खेळ मुळात एकांताचा. रस्ते आखावेत, वस्तीचे आणि कारखान्यांचे भूखंड पाडावेत, पाणी आणि वीज पोहोचवावी, करांचे दर ठरवावेत, आणि आपण आखलेले नगर हळूहळू नांदू लागलेले पाहावे. यात दुसऱ्या माणसाची गरज नाही. ५ मार्च २०१३ रोजी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने अमेरिकेत याची नवी आवृत्ती बाजारात आणली ती मात्र अखंड जोडणीच्या अटीवर. पहिल्याच दिवशी सर्व्हर भाराखाली वाकले. खरेदीदारांसमोर रांगेचे घड्याळ उभे राहिले, आणि वीस मिनिटांची मुदत सरल्यावरही प्रवेशाची हमी नव्हती. नगरे खेळणाराच्या यंत्रात साठविली न जाता कंपनीच्या सर्व्हरवर साठविली जात, त्यामुळे कित्येकांचे तासन्‌तासांचे श्रम परत उघडले असता नाहीसे झालेले आढळले. भार हलका करावा म्हणून कंपनीने खेळातील सर्वांत जलद कालगती, जिला 'चीता' म्हणत, तीच बंद करून टाकली. ॲमेझॉनने डाउनलोड प्रतीची विक्री काही काळ थांबविली, आणि अखेरीस कंपनीला भरपाई म्हणून प्रत्येक खरेदीदारास आणखी एक खेळ विनामूल्य द्यावा लागला.

येथवर हे केवळ अव्यवस्थेचे प्रकरण म्हणता आले असते. माझा आक्षेप आहे तो कंपनीने केलेल्या खुलाशावर. नगराच्या गणिताचा मोठा भाग आमचे सर्व्हर करतात, सबब जोडणीवाचून खेळ चालविणे पुष्कळ फेररचनेशिवाय शक्य नाही, असे सांगण्यात आले. थोड्याच दिवसांत लोकांनी जोडणी तोडून पाहिली, तो नगर सुमारे वीस मिनिटे बिनतक्रार चालू राहिले. आणि एका जाणकाराने खेळातली ती कालमर्यादाच काढून टाकली, तेव्हा ते चालतच राहिले. मार्च २०१४ मध्ये कंपनीने स्वतःच विनाजोडणी खेळण्याची सोय करून दिली. जे अशक्यप्राय म्हणून सांगितले गेले ते वर्षभरात झाले, एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आणखी वर्षाने 'सिमसिटी' घडविणाऱ्या मॅक्सिसची एमरीव्हिल येथील कचेरी बंद झाली, आणि त्याच महिन्यात फिनलंडच्या कलॉसल ऑर्डरचा 'सिटीज : स्कायलाइन्स' आला, जो आपल्या यंत्रावर इंटरनेटवाचूनही खेळता येत असे.

चोरनकलेने निर्मात्यांचे नुकसान होते हे मी अमान्य करीत नाही. शेकडो माणसांच्या वर्षानुवर्षांच्या कष्टाचे मोल बुडविणे हा अन्यायच. पण कुलूप एकदा फोडले गेले की चोरीची प्रत सर्व्हरला काहीही विचारीत नाही, आणि सारी तसदी उरते ती सचोटीने पैसे देणाऱ्याला. ज्याच्या गावी पावसाळ्यात दोन दोन दिवस तार दुरुस्त होत नाही, त्या आपल्याकडील मुलाने साठविलेल्या पैशातून घेतलेला खेळ अशा वेळी निरुपयोगी होतो, आणि त्याबद्दल दाद मागावी असे ठिकाणही त्याला नसते. कारण त्याने ज्याला खरेदी समजले तो कागदोपत्री निव्वळ परवाना असतो. त्या करारनाम्याच्या कलमांचा परामर्श पुढील लेखांकात घ्यावयाचा आहे.

या परवान्याचे अखेरचे टोक २०२४ मध्ये दिसले. २०१४ साली निघालेल्या 'द क्रू' या मोटारशर्यतीच्या खेळाचे सर्व्हर युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले, आणि ज्यांनी तो पूर्ण किंमत देऊन घेतला होता ते त्यातून समूळ बेदखल झाले. त्यावर यूट्यूबवर खेळांविषयी चित्रफिती करणारे रॉस स्कॉट यांनी 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभारली. युरोपीय संघापुढील तिच्या अर्जावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. मागणी माफक आहे आणि मला ती सर्वस्वी न्याय्य वाटते : सर्व्हर अनंतकाळ चालवा असे कोणी म्हणत नाही, ते बंद करताना विकलेला खेळ खेळण्याजोगा ठेवून जा, इतकेच. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून, आपण विकतो तो केवळ परवाना आहे हे विक्रेत्याने ग्राहकाला स्पष्ट सांगणे कायद्याने बंधनकारक झाले आहे. प्रकटनापलीकडे तो कायदा जात नाही. युबिसॉफ्टने 'द क्रू २'ला विनाजोडणी खेळण्याची सोय देण्याचे २०२४ मध्येच जाहीर केले. पहिल्या 'द क्रू'च्या खरेदीदारांना मात्र ती मिळाली नाही.