ओओधम भाषा

ओओधम भाषा : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ॲरिझोना राज्याचा दक्षिण भाग आणि मेक्सिकोतील सोनोरा राज्याचा उत्तर भाग यांत बोलली जाणारी आदिवासी भाषा. ती युटो-ॲझ्टेकन भाषाकुटुंबाच्या तेपिमान शाखेत मोडते. तोहोनो ओओधम (वाळवंटातील लोक) व अकिमेल ओओधम (नदीकाठचे लोक) हे तिच्या भाषिकांचे प्रमुख गट होत. बाहेरच्यांनी त्यांना अनुक्रमे पापागो व पिमा अशी नावे दिली. त्यांपैकी पापागो हे नाव तोहोनो ओओधमांनी १९८६ मध्ये अधिकृतपणे टाकून दिले.

भाषेत स्वरांचा ऱ्हस्वदीर्घभेद अर्थभेदक असून ड व ष यांसारखे मूर्धन्य वर्ण आढळतात. ओओधम या नावातील दोन ओकारांमध्ये घशात श्वास क्षणभर अडवावा लागतो. हा कंठद्वारीय स्पर्शही तिचे वैशिष्ट्य आहे. अनेक नामांचे अनेकवचन आद्य अवयवाच्या द्विरुक्तीने होते : उदा., गोग्स (कुत्रा)–गोगोग्स (कुत्रे). पूर्ण झालेली क्रिया दर्शविताना बहुधा धातूचा अंत्यभाग गळतो : चिक्पन (काम करणे)–चिक्प. शब्दक्रम बराच मोकळा असला, तरी सहायक क्रियापद सामान्यतः वाक्यात दुसऱ्या स्थानी येते.

ओओधम संस्कृतीचे केंद्र पाणी हे आहे. पावसाळी ओढ्यांचे पाणी जेथे पसरते, तेथे मका व टेपारी नावाचा काटक घेवडा पेरण्याची त्यांची परंपरागत पद्धती होती. उन्हाळ्यात साग्वारो निवडुंगाची फळे काढून त्यांच्या रसाचे मद्य करतात. ते प्राशन करून व गीते गाऊन पावसाला आवाहन केले जाते. याच सुमारास त्यांचे नववर्ष सुरू होते. गीतांतील भाषा नित्याच्या बोलीहून वेगळी असते. त्यामुळे बोली विसरलेल्या पिढीला गीतांचा अर्थ अधिकच दुरावतो.

गॅड्सडेन करारामुळे (१८५३) ओओधमांची भूमी दोन देशांत विभागली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हीला नदीचे पाणी वरच्या भागातील वसाहतवाल्यांनी वळविल्याने अकिमेल ओओधमांची शेती कोसळली. पुढे निवासी शाळांतील इंग्रजीच्या सक्तीने भाषेलाही धक्का बसला. ॲल्बर्ट आल्वारेझ व केनेथ हेल यांनी तयार केलेली रोमन लेखनपद्धती तोहोनो ओओधमांनी अधिकृत मानली आहे. ओओधम कवयित्री व भाषाशास्त्रज्ञ ओफेलिया झेपेडा यांचे व्याकरण १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले, तर १९९८ मध्ये तोहोनो ओओधमांचे स्वतःचे महाविद्यालय स्थापन झाले. तेथे ही भाषा ‘हिम्दग’ म्हणजे परंपरागत जीवनरीतीचे अंग म्हणून शिकविली जाते. तथापि घरी ही भाषा शिकणाऱ्या मुलांची संख्या घटत असल्याने तिचे भवितव्य केवळ शाळांवर अवलंबून राहू शकत नाही.