दुचाकीचं दशक – भाग ६ : धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचा जीव

साकोलीत साठीकडे झुकलेल्या माणसाला त्याची पहिली गाडी विचारावी. राजदूतवाला असेल तर उत्तर लवकर संपत नाही. गाडी कोणाकडून घेतली, इंजिन कितीदा बोअर केलं, मोहघाट्याच्या जंगलात प्लगने कसा दगा दिला, सगळं ओळीने येतं. सीडी हंड्रेडवाला मात्र "चांगली होती, कधी काही झालं नाही" एवढं म्हणून चहाकडे वळतो. ऐंशीच्या दशकातल्या गाड्यांच्या आठवणी अशा विषम वाटल्या गेल्या आहेत. जिने आयुष्यभर मुकाट्याने काम केलं तिच्या वाट्याला दोन वाक्यं आणि जिने वाटेत उतरवलं तिच्या वाट्याला अख्खी संध्याकाळ. हे का होतं, याचं निम्मं उत्तर माणसाच्या स्वभावात आहे. उरलेलं इंजिनाच्या बनावटीत आणि इथल्या रस्त्यांत.

रस्त्यांपासून सुरुवात करू. साकोली हे तालुक्याचं गाव नागपूर–रायपूर महामार्गावर आहे. जुन्या लोकांच्या तोंडी तो अजून 'सहा नंबर'च आहे, कागदावर आता तो ५३ झाला. महामार्ग सोडला की एक रस्ता लाखांदूरकडे, दुसरा नवेगावबांधकडे, तिसरा नागझिऱ्याच्या जंगलाकडे. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यातच होता. त्यामुळे साकोलीत घर असलेल्या मास्तरची बदली देवरी-सालेकसापर्यंत कुठेही होऊ शकत असे. आतल्या गावांना एसटीच्या मोजक्याच फेऱ्या. त्यातली एक हुकली की दिवस गेला. शिक्षक, ग्रामसेवक, विमा एजंट, धानाचा व्यापारी यांना गाडी हौसेपेक्षा गरजेपोटी घ्यावी लागली. हौस मागाहून चिकटली.

निवड मोठी नव्हतीच. परवान्यांच्या राज्यात किती गाड्या काढायच्या हेही सरकार ठरवी, आणि पुण्याच्या बजाज चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. मोटरसायकल म्हटली की बुलेट, येझदी आणि राजदूत. बुलेट महाग, ती पाटलाच्या किंवा ठेकेदाराच्या दारात दिसायची. येझदी म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची, दोन सायलेन्सरवाली. तिच्या गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की त्याचीच किक व्हायची. नवखा माणूस किक शोधत उभा राहिला की बघ्यांची करमणूक होई.

खरा संसार झाला तो राजदूतशी. एस्कॉर्ट्स कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पोलंडच्या एसएचएल गाडीवरून ती घेतली आणि पुढे फारशी बदलली नाही. १७३ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, तीन गिअर, जाड पत्रा. १९७३ सालच्या 'बॉबी' चित्रपटाने तिची छोट्या चाकांची जीटीएस बहीण तरुणांच्या डोळ्यांत भरवली, पण धानाच्या मुलखात चालली ती थोरलीच. मागे दुधाचे कॅन किंवा धानाचं पोतं, टाकीवर पोरगं, सीटवर बायको, एवढं लादून ती मुरमाच्या रस्त्यावरून, वेळ आली तर बांधीच्या धुऱ्यावरूनही जाई. पत्रा वाकला तर गावातला लोहारही ठोकून देई.

तिची कटकटही तेवढीच होती. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं. पंपावर पेट्रोलसोबत माप घालून ऑइल मारायचं. कमी पडलं तर पिस्टन जाम, जास्त झालं तर प्लग काळा. म्हणून डिकीत एक जादा प्लग, पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा ठेवल्याशिवाय कोणी लांब जात नसे. वर्षा-दोन वर्षांनी सायलेन्सरमध्ये काजळी बसून गाडी ओढेनाशी झाली की मिस्त्री तो काढून आगीत घालून जाळायचा. ही कामं बघता बघता मालकही अर्धा मिस्त्री होई. आवाजावरून दुखणं ओळखता येणं हा त्या पिढीचा अभिमान आहे आणि आठवणी लांबतात त्या इथेच.

दिव्याचं प्रकरण तर इकडच्या झाडीपट्टीत विसरणं शक्य नाही. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, शंकरपट होतात, आणि रात्रभर चालणाऱ्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. पंधरा-वीस किलोमीटरवरच्या गावाला नाटक पाहायला ट्रिपल सीट जायचं, पहाटे धुक्यातून परतायचं. राजदूतचा दिवा सहा व्होल्टचा. रेस वाढवली की उजेड, कमी केली की तो विझायच्या बेताला. म्हणजे वळणावर, खड्ड्यापाशी, जिथे गाडी हळू करायची नेमकं तिथेच दिसेनासं व्हायचं. मग क्लच दाबून नुसतीच रेस द्यायची आणि समोर रानडुक्कर नाही याची खात्री करून पुढे सरकायचं.

या जुन्या गाड्यांची मक्तेदारी मोडली ती ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. सरकारने शंभर सीसीच्या दुचाकींसाठी परदेशी कंपन्यांशी भागीदारीला वाट दिली आणि जपानी गाड्यांची रांग लागली : १९८४ मध्ये इंड-सुझुकी, १९८५ मध्ये हिरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १००, १९८६ मध्ये कावासाकी बजाज. १९८५ मध्येच औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा नवा कारखाना सुरू झाला. नंबर लावून थांबलेल्या गिऱ्हाइकाला शोरूमवाला पहिल्यांदाच खुर्ची देऊ लागला.

यातल्या दोन गाड्यांनी गावाचे दोन तट पाडले. आरएक्स १०० टू-स्ट्रोक, ९८ सीसी. तिच्या इंजिनात फिरत्या दांड्याच्या, म्हणजे क्रँकच्या, प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो; सीडी १०० च्या फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा. म्हणून जवळपास तेवढ्याच आकारातून आरएक्स ११ अश्वशक्ती काढी, तर सीडी सातच्या आसपास. त्यात आरएक्सचं वजन शंभर किलोच्या थोडंच वर. महामार्गावर ट्रकला ओलांडताना हा फरक मनगटात कळायचा. पण टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत येताना त्यातलं थोडं न जळताच बाहेर निसटतं. निळसर धूर, तो खास वास आणि रिकामी होणारी टाकी, सगळ्यांचं मूळ तेच. सीडीची कंपनी लिटरला ऐंशी किलोमीटरचा दावा करी. पगारदार माणसाने हिशेब केला आणि सीडी घेतली. त्याच्या धाकट्या भावाने हट्ट धरून आरएक्स घेतली.

आज गप्पांत धाकटा जिंकतो. त्याचं एक कारण सरळ आहे : आरएक्स घेतली गेली तेव्हा चालवणारा विशी-बाविशीचा होता. सीडी घेणाऱ्याच्या डोक्यावर घराचं कर्ज होतं. लोक गाडीचं कौतुक करतात तेव्हा त्यात वयाचा हिस्सा किती, हे वेगळं काढता येत नाही. आणि हे सगळं कौतुक हँडल धरणाऱ्यांचं. मागे एका बाजूला बसणाऱ्या बायकांना याच गाड्या आठवतात त्या पोटरीला बसलेल्या सायलेन्सरच्या चटक्यामुळे आणि साडी गार्डमधूनही चाकात जाणाऱ्या पदरामुळे. त्यांना कोणी विचारत नाही.

एका विसरलेल्या गाडीचा उल्लेख करायलाच हवा : डिझेल बुलेट. ग्रीव्हज-लोम्बार्डिनीचं ३२५ सीसीचं इंजिन, साडेसहा अश्वशक्ती, वेग बेताचा, थरथर एवढी की आरशात मागचं काही दिसू नये. पण डिझेल स्वस्त, आणि शेतीपंपाचं इंजिन उघडणाऱ्या मिस्त्रीला तिचं वावडं नव्हतं. शेतकऱ्याच्या हिशेबात ती नापास गाडी मुळीच नव्हती.

टू-स्ट्रोकचा अंत धुराच्या नियमांनी केला. १९९१ मध्ये पहिली मर्यादा आली, १९९६ आणि २००० मध्ये ती कडक झाली. आरएक्स १०० मार्च १९९६ मध्ये बंद झाली. येझदीचा म्हैसूरचा कारखानाही त्याच वर्षी थांबला. २०२२ मध्ये येझदी हे नाव पुन्हा आलं, मात्र फोर-स्ट्रोक इंजिन घेऊन. जुन्या गिऱ्हाइकांनी शोरूममध्ये जाऊन पाहिली, आवाज ऐकला आणि नाक मुरडलं.

ज्यांनी जुनी गाडी भंगारात घातली नाही त्यांच्यापुढे आता कागदांचा प्रश्न आहे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. नंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते आणि वर पर्यावरण कर भरावा लागतो. अनेकांनी ही वेळ कधीच चुकवली, त्यामुळे त्यांची गाडी घरासमोरून चौकापर्यंतच फिरते. चालू कागद असलेल्या आरएक्सला मात्र शहरातून गिऱ्हाईक येतं, आणि सुरुवातीच्या, जपानहून आलेल्या सुट्या भागांची असेल तर भाव आणखी चढतो. ज्याने ती नव्वदच्या दशकात मातीमोल भावाने विकली, त्याच्यासमोर हा विषय काढू नये.

(पुढील भागात : पायडल मारून सुरू होणारी लुना, आणि तिच्यावरून मामा (माजी मालगुजारी) तलावांची मासळी बाजारात कशी पोहोचली.)