दोन मिलिमीटरचा स्क्रू, तीन वेढ्यांचा दोर

रेडिओचं किट घरी आलं की पहिले दोन-तीन दिवस मजेत जातात. रोधकांवरचे रंगीत पट्टे वाचायचे, ट्रान्झिस्टरचे पाय ओळखायचे, बोर्डावर एकेक भाग सोल्डर करत जायचं. मग एका संध्याकाळी टेबलावर उघड्या पडलेल्या त्या बोर्डातून खरखरत जळगाव आकाशवाणी बोलू लागते आणि घरातले सगळे भोवती जमतात. दुसऱ्या दिवशी तोच बोर्ड प्लॅस्टिकच्या पेटीत बसवून स्क्रू आवळले जातात आणि रेडिओ मुका होतो.

पुन्हा सगळे सांधे तपासले जातात. बॅटरी बदलली जाते. एखादा बिचारा ट्रान्झिस्टर उगाच उपटून टाकला जातो. पण दोष त्यांच्यात नसतोच. तो असतो गँगच्या स्क्रूत.

गँग म्हणजे स्टेशन लावायचा बदलता कंडेन्सर. आजच्या किटमधली गँग काडेपेटीच्या निम्म्यानेही नसते. पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत धातूच्या पातळ पात्यांच्या दोन गड्ड्या आणि त्यांच्यामध्ये त्याहून पातळ प्लॅस्टिकची फिल्म. ही डबी बोर्डाला दोन स्क्रूंनी बसते. बोर्डाची जाडी सहसा १.६ मिलिमीटर. चार मिलिमीटरचा स्क्रू लावला तर डबीच्या आत २.४ मिलिमीटर जातो, आणि तेवढं पुरतं. पण किटमधल्या एकाच पिशवीत चार, सहा, दहा मिलिमीटरचे स्क्रू कालवलेले असतात. हाताला सहाचा लागला की तो दोन मिलिमीटर जास्त आत शिरतो. अडीच मिलिमीटर व्यासाच्या स्क्रूचा आटा एका फेऱ्यात ०.४५ मिलिमीटर पुढे सरकतो. म्हणजे सारा घोटाळा शेवटच्या चार-साडेचार फेऱ्यांचा. तेवढ्यात स्क्रूचं टोक पात्यांवर चढतं, पाती वाकतात, फिल्म फाटते आणि एक गड्डी दुसरीला चिकटते. गँग गेली.

उपाय अगदी घरगुती आहे. स्क्रूचा अर्धा फेरा आवळायचा, गँगचा दांडा बोटांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघायचा, मग पुढचा अर्धा. दांडा किंचित जड लागला की थांबायचं आणि स्क्रूखाली एक वायसर सरकवायचा. यंत्रापेक्षा बोटांना हे आधी कळतं.

किटच्या गोष्टीत नेहमी इलेक्ट्रॉनिक्सचं कौतुक होतं, आणि ते असावंही. पण सर्किट कुणीतरी आधीच जुळवून, तपासून दिलेलं असतं. दोर, दांडा, भोक, स्क्रू हे मात्र जोडणाऱ्याच्या हातावर सोडलेलं असतं आणि घोडं तिथेच अडतं. शिवाय रेडिओत निव्वळ यांत्रिक असं काही उरत नाही. स्क्रूची लांबी कंडेन्सर बिघडवते, तारेचा वेढा सरकला की फ्रिक्वेन्सी सरकते, आणि पकडीसाठी लावलेली पत्र्याची पट्टी सगळा सिग्नल गिळून बसते.

बोदवडसारख्या गावात हे काम करणाऱ्याची अडचण थोडी वेगळी. भुसावळ-नागपूर लोहमार्गावरचं, खान्देशातल्या कापसाच्या पट्ट्यातलं हे तालुक्याचं ठिकाण. किट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवता येतं, पण त्यातला एक स्क्रू हरवला तर त्यासाठी भुसावळ किंवा जळगाव गाठणं परवडत नाही. उलट, कापसाच्या गावात एक विद्या जुनी आहे: दोराने चाक फिरवण्याची.

ती रेडिओत कुठे लागते, हे समजायला थोडं गणित करू. भारतात मीडियम वेव्हचा पट्टा ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ असा धरला जातो आणि त्यात दर ९ किलोहर्ट्झवर एक जागा आहे, म्हणजे १२० जागा. गँग पूर्ण उघडायला अर्धा फेरा लागतो, १८० अंश. एका जागेच्या वाट्याला सरासरी दीड अंश आला. दोन सेंटिमीटर व्यासाचं बटण थेट गँगच्या दांड्यावर बसवलं, तर दीड अंश म्हणजे बटणाच्या कडेवर पाव मिलिमीटर. जळगावची जागा ९६३ किलोहर्ट्झ. ती बरोबर पकडायला बोट पाव मिलिमीटरच्या आत थांबवायचं! ही झाली सरासरी. पट्ट्याच्या वरच्या टोकाला गर्दी आणखी वाढते, कारण फ्रिक्वेन्सी तिप्पट करायला एकूण कपॅसिटन्स नऊपट कमी करावा लागतो. जुन्या, हवेच्या गँगची पाती म्हणूनच नुसती अर्धगोल नसून एका बाजूला निमुळती कापलेली असत. तो आकार शोभेचा नव्हता.

म्हणून मोठ्या रेडिओत डायल कॉर्ड आली. गँगवर पाच सेंटिमीटर व्यासाचा ड्रम, बटणाच्या दांड्याचा व्यास सहा मिलिमीटर, दोघांना जोडणारा दोर आणि त्याच दोराला चिकटवलेला काटा. आता गँगच्या अर्ध्या फेऱ्याला बटण चारहून जास्त फेरे फिरतं आणि काटा काचेवरून सुमारे ७८ मिलिमीटर चालतो. पाव मिलिमीटरचा नेम दोन मिलिमीटरवर आला. ठाण्याला बनणारा मर्फी असो की पुण्याजवळ लोणी काळभोरला बनणारा फिलिप्स, दिवाणखान्यातल्या सेटची ती संथ, भारदस्त काट्याची चाल या दोराची होती.

हा उलटा चरखा आहे. चरख्यात मोठं चाक हाताने फिरवायचं आणि माळ बारीक चात गरागरा फिरवते. रेडिओत बारीक दांडा हाताने फिरवायचा आणि दोर मोठा ड्रम हळूहळू नेतो. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं ते याच खान्देशात, फैजपूरला, आणि त्यासोबत खादीचं प्रदर्शनही होतं. सूत काढणाऱ्याला माळेच्या ज्या खोडी पाठ असतात, त्याच डायल कॉर्डलाही आहेत: घसरणं, सैल पडणं, स्वतःवरच चढणं.

यातली घसरण सगळ्यात जास्त छळते. दोर दांड्यावर एकदाच गुंडाळला तर बटण फिरतं, काटा जागचा हलत नाही. खुंटाला बैल बांधताना कासऱ्याचे दोन वेढे का देतात, याचं उत्तर अठराव्या शतकातल्या ऑयलरच्या नावावर असलेल्या सूत्रात आहे. दोराची पकड वेढ्यांच्या संख्येबरोबर बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते. घर्षणांक ०.२ धरला, तर एका वेढ्याला दोन टोकांच्या ताणांतला फरक साडेतीन पटीपर्यंत पेलता येतो, दोन वेढ्यांना बारा पट, तीन वेढ्यांना त्रेचाळीस पट. तीन वेढे पुरेसे. चौथ्याचा मोह टाळावा, कारण अरुंद दांड्यावर चौथा वेढा तिसऱ्यावर चढतो आणि दोर अडकतो.

दोर ओवण्याची रीत ठरलेली आहे, आणि ती मोडली की नाकी नऊ येतात. गँग आधी पूर्ण बंद करून घ्यायची आणि ड्रमला चिकटपट्टीचा तुकडा लावून तो हलणार नाही असं करायचं. ड्रमच्या पोटातल्या स्प्रिंगला सुरुवातीची गाठ. मग कप्प्यांवरून, दांड्याभोवती तीन वेढे सगळे एकाच दिशेने, आणि परत ड्रमकडे. शेवटची गाठ मारण्याआधी स्प्रिंग अर्धी ताणलेली हवी. सैल स्प्रिंग दोर घसरवते; पूर्ण ताणलेल्या स्प्रिंगला दोर लांबल्यावर खेचायला काही उरत नाही. काटा सगळ्यात शेवटी. जुन्या सेटच्या दुरुस्तीच्या कागदांवर या दोराच्या वाटेचं स्वतंत्र चित्र छापलेलं असे, कारण सुटलेला दोर बघून तो कसा होता हे सांगणं अनुभवी मेकॅनिकलाही जमत नाही. दोर काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवणाऱ्याला आता त्या कागदाची गरज नाही.

दोर कुठला? माशाच्या गळाची नायलॉनची एकेरी तार हाताशी असते म्हणून अनेकजण तीच लावतात. ती गुळगुळीत असते आणि ताणाने लांबतेही. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो तेव्हा खान्देशात तर जास्तच. विणलेला, कमी लांबणारा दोर बरा. तो तरीही घसरला तर त्यावर राळ घासावी, आणि राळ सोल्डरिंगच्या डबीतच असते. गाठीवर नेलपॉलिशचा थेंब टाकला की ती सुटत नाही.

दोराचा त्रास नको असेल तर इंग्लंडच्या जॅक्सन ब्रदर्सनी प्रसिद्ध केलेला बॉल ड्राइव्ह आहे. त्यात छोट्या पोलादी गोळ्या सहा फेऱ्यांचा एक फेरा करतात. इथेही एक मेख आहे. त्याची चकती चहूबाजूंनी पक्की आवळली आणि गँगचा दांडा केसभर तिरका असला, तर दोघे एकमेकांशी भांडतात आणि बटण जड होतं. चकतीचा एकच कान अडवायचा, तोही थोडी हालचाल ठेवून. इतकंच की ती स्वतः फिरू नये.

बटणांची गोष्ट तर हसण्यासारखी. दांडे दोन मापांचे मिळतात, सहा मिलिमीटर आणि पाव इंच. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. पाव इंची दांड्यावर सहाचं बटण ठोकून बसवणाऱ्याने तो ठोका व्हॉल्यूमच्या पोटात जातो हे लक्षात ठेवावं. उलट्या प्रकारात बटण डगमगतं आणि आतल्या फटीत कागदाची घडी घालावी लागते. पॅनलवर बसणाऱ्या भागांचा क्रमही इथेच चुकतो. व्हॉल्यूम, स्विच, जॅक आधी बोर्डावर सोल्डर केले की ते पेटीच्या भोकांसमोर कधीच नीट येत नाहीत. आधी पॅनलला नटांनी सैल बसवायचे, बोर्ड मागून लावायचा, सगळं सरळ झालं की मग सोल्डर.

असं एकेक पाऊल लिहून देण्याची कला अमेरिकेच्या हीथकिट कंपनीने वाढवली. या कंपनीची सुरुवात रेडिओने झालेली नाही; एड हीथ १९२० च्या दशकात विमानांचे किट विकत होता आणि १९३१ साली विमानाच्या चाचणीतच गेला. १९४७ मध्ये कंपनीने ऑसिलोस्कोपचं किट काढलं आणि पुढची दशकं तिच्या पुस्तिका प्रत्येक तारेपुढे, प्रत्येक स्क्रूपुढे खूण करायला कंस छापत राहिल्या. विमानाचा एक बोल्ट विसरला तर काय होतं हे ज्या घराण्याला ठाऊक, त्याने रेडिओचा वायसरही मोजावा, हे ओघानेच आलं.

भारतातलं ठळक उदाहरण हैदराबादचे हौशी रेडिओवाले अशर फरहान यांचं. २००३ साली त्यांनी बिटएक्स नावाचा, संदेश घेणारा आणि पाठवणाराही संच आखला, तो गल्लीतल्या दुकानांत काय मिळतं ते डोळ्यापुढे ठेवूनच. कॉइल गुंडाळायला परदेशी कडं मिळत नाही? मग नळाचा वायसर. बोदवडच्या हार्डवेअर दुकानातही तो मिळेल. कड्यावर तार गुंडाळताना नवख्याची एक चूक ठरलेली: बाहेरचे वेढे मोजणं. तार भोकातून जितक्या वेळा जाते तितके वेढे. नुसती आरपार ओवलेली तारसुद्धा एक वेढा असतो.

कल्याणला याहून मोठं किट जोडलं गेलं. ऑस्ट्रेलियाहून आलेल्या सहा फुटी ३२ तबकड्या काही वर्षं दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत पडून होत्या. १९६५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांच्या गटाने त्या कल्याणला उभ्या करून सूर्याच्या रेडिओलहरी टिपायला सुरुवात केली. पुढे नारायणगावजवळच्या खोडदला त्यांनीच ३० अजस्र तबकड्यांची दुर्बीण उभी केली. प्रत्येक तबकडी ४५ मीटर रुंद, पण तिच्यात सलग पत्रा नाही. तारेच्या दोरांवर ताणलेली जेमतेम ०.५५ मिलिमीटर तारेची जाळी आहे. जाळीची भोकं लहरीच्या लांबीपेक्षा पुष्कळ लहान असली की लहरीला ती पत्र्यासारखीच वाटते, आणि वारा मात्र आरपार जातो. तिथेही प्रश्न दोराच्या ताणाचाच होता.

घरच्या रेडिओत शेवटी उरतो फेराइटचा दांडा, म्हणजे अँटेना. काळा, काचेसारखा ठिसूळ. टेबलावरून पडला की दोन तुकडे. तो बसवायला पत्र्याची पट्टी गोल गुंडाळून आवळली, तर ती पट्टी स्वतःच एक मिटलेला वेढा होते, त्यात प्रवाह फिरतो आणि सिग्नल तिथेच संपतो. प्लॅस्टिकची क्लिप किंवा दोऱ्याचे चार वेढे वापरावेत आणि स्पीकरच्या चुंबकापासून दांडा लांब ठेवावा. कॉइल दांड्यावर पुढे-मागे सरकवून आवाज जास्तीत जास्त होईल ती जागा शोधायची आणि मेणाने पक्की करायची. आयएफटीचे, म्हणजे मधल्या फ्रिक्वेन्सीच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरांचे, गाभे फिरवायला लोखंडी पेचकस नको. तो जवळ येताच जुळणी बदलते आणि गाभाही तडकतो. बांबूची कामटी तासून घेतली की झालं.

हा दांडा आडवा धरला तर त्याच्या कुशीकडून येणारी लहर चांगली ऐकू येते आणि टोकाकडून येणारी जवळजवळ नाही. बोदवडहून जळगाव पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे, सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आत. म्हणून दांडा उत्तर-दक्षिण हवा. पेटीत तो लांबीला समांतर बसवलेला असतो, तेव्हा रेडिओची फळी ठोकायची ती घराच्या पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या भिंतीला. उत्तरेच्या भिंतीवर आधीच ठोकलेली असेल, तर पेटी तिच्यावर आडवी न ठेवता भिंतीकडे टोक करून ठेवावी लागते आणि बटणं बाजूला तोंड करून बसतात.