दादांचा मोबाईल नंबर आणि आमचा गूगल फॉर्म

शहाड स्टेशनवर रोज भेटणाऱ्या एका काकूंनी परवा विचारलं, "काय गं, तुझी ती सापांवरची पीएचडी कुठवर आली?" मी म्हटलं, "काकू, सापांवर नाही, साप वाचवणाऱ्या माणसांवर आहे." त्या जरा गोंधळल्या. "माणसांचं काय असतं त्यात?" तेवढ्यात गाडी आली, गर्दीत आम्ही दोन वेगळ्या डब्यांत गेलो आणि उत्तर राहून गेलं. ते आज इथे देते.

माझा विषय थोडक्यात असा: वन्यजीव संरक्षणाचं काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्था बदलतात तेव्हा आत नेमकं काय होतं? माणूस बदलतो, पैसा बदलतो, कायदा बदलतो, काम वाढतं. काही संस्था त्यातून टिकतात, काही फुटतात. बऱ्याचशा तर फुटतही नाहीत, नुसत्या विरून जातात. हा विषय मी निवडला त्यामागे एक धामण आहे.

एक धामण

कॉलेजात असताना मी आमच्या भागातल्या सर्पमित्रांच्या एका गटात होते. नाव देत नाही. गट म्हणजे खरं तर एक दादा आणि त्यांचा मोबाईल नंबर. उल्हास नदीच्या काठची वस्ती, कंपाऊंडच्या भिंती, जिन्याखालची अडगळ, कुठेही साप निघाला की लोक तोच नंबर फिरवायचे. दादा फोनवरच विचारायचे, "अंगावर साखळीसारखे ठिपके आहेत का? मग लांब राहा, अजगराचं पिल्लू नाही ते, घोणस आहे." हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. कागदावर काहीच नव्हतं.

काम वाढलं तसं आम्हा पोरांना वाटलं, हे नीट व्हायला हवं. आम्ही ट्रस्ट नोंदवायचं ठरवलं. कॉमन हेल्पलाईन नंबर घेतला, ड्युटीचं वेळापत्रक लावलं, प्रत्येक कॉलची नोंद ठेवायला गूगल फॉर्म केला. तो फॉर्म मीच बनवला होता. दादा मीटिंगला शांत बसले होते. शेवटी एवढंच म्हणाले, "करा, चांगलंच आहे."

पुढच्या जुलैत एका रात्री एका चाळीत साप निघाला. लोकांनी सवयीने दादांना फोन केला, तो बंद. हेल्पलाईन आहे म्हटल्यावर त्यांनी रात्री फोन बंद ठेवायला सुरुवात केली होती. हेल्पलाईनवर ज्याची ड्युटी होती तो परीक्षेसाठी गावाला गेला होता, पण वेळापत्रकात त्याचंच नाव होतं. कोणीच पोहोचलं नाही. लोकांनी काठ्यांनी साप मारला. सकाळी मी गेले तेव्हा तो गटाराकडेला पडला होता. धामण होती, बिनविषारी.

त्यानंतर दादा यायचे बंद झाले. भांडण नाही, राजीनामा नाही. वर्षभरात गटही संपला. आमचा प्रत्येक निर्णय कागदावर बरोबर होता, मग चुकलं काय?

बदल वेगळा, स्थित्यंतर वेगळं

विल्यम ब्रिजेस या अमेरिकी अभ्यासकाने या प्रश्नाला हात घातला आहे. तो म्हणतो, बदल ही बाहेरची घटना असते: नवा नंबर, नवं पद, नवं ऑफिस. स्थित्यंतर माणसाच्या आत होतं, आणि त्याचा क्रम उलटा असतो. ते सुरुवातीपासून सुरू होत नाही, शेवटापासून होतं. आधी काहीतरी संपतं. मग एक अधांतरी मधला काळ येतो, जुनं सुटलेलं आणि नवं अंगवळणी न पडलेलं. खरी नवी सुरुवात त्यानंतर.

आता तुम्ही म्हणाल, हे कुठल्याही कंपनीला लागू होईल. बरोबर आहे. पण कंपनीत या मधल्या काळात माणूस कुरकुरत का होईना टिकतो, कारण एक तारखेला पगार येतो. स्वयंसेवकाचा 'पगार' काय असतो? "मी सर्पमित्र आहे, रात्री दोन वाजता लोक मला हाक मारतात" ही ओळख. आम्ही वेळापत्रक लावलं तेव्हा आमच्या मते दादांचा भार कमी केला. त्यांच्या बाजूने पाहिलं तर आम्ही त्यांचा पगार बंद केला होता.

अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९७० साली मांडलं की संस्थेवर नाराज झालेल्या माणसापुढे मुख्यतः दोन वाटा असतात, बोलायचं किंवा निघून जायचं. बांधिलकी असेल तर माणूस थांबून बोलून पाहतो. आमच्याकडे बोलायला जागाच नव्हती. मीटिंगच्या अजेंड्यावर 'दादांचं पुढे काय' हा मुद्दा नव्हता. म्हणून ते निघून गेले.

शिकाऱ्यांची संस्था संरक्षकांची कशी झाली?

आता एक मोठं उदाहरण घेऊ. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजे बीएनएचएस, १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी सुरू केली. त्यात दोन भारतीय होते: प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन, म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. सुरुवातीची बरीच मंडळी हौशी शिकारी होती. प्राणी मारायचा, त्याची कातडी जपायची, टिपण लिहायचं. १८८६ पासून सोसायटीचं जर्नल निघू लागलं, त्यात शिकारीच्या नोंदीही असायच्या.

सलीम अली या संस्थेत पहिल्यांदा गेले ते १९०८ साली, लहान असताना. त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली होती. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता, म्हणून ती कुठली हे विचारायला ते गेले. सचिव मिलार्ड यांनी रागावण्याऐवजी पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला. पुढे स्वातंत्र्याच्या काळात संस्था अडचणीत आली, तेव्हा ती टिकवण्यासाठी याच मुलाने धडपड केली, पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून मदत मिळवली.

भरतपूरला संस्थानी काळात पाणपक्ष्यांच्या शिकारी व्हायच्या. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात चार हजारांहून जास्त पक्षी मारले गेले. त्याच भरतपूरला नंतर बीएनएचएसने पक्ष्यांच्या पायात कडी घालून स्थलांतराचा अभ्यास केला. हे काम १९५९ च्या सुमाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सुरू झालं. पक्षी जिवंत पकडायचे कोणी? त्यासाठी बिहारमधले मीरशिकार, म्हणजे पिढीजात पक्षी पकडणारे लोक, कामाला आले.

माझ्या मते या गोष्टीचं मर्म इथेच आहे. कसब तेच राहिलं, दबा धरायचं, फासे लावायचं, पक्ष्याची चाल ओळखायचं. हेतू तेवढा बदलला. पक्षी मरण्याऐवजी पायात कडं घालून उडून जाऊ लागला. जुन्या माणसाला "तुझं ज्ञान आता कालबाह्य झालं" असं सांगावं लागलं नाही.

वेळासचं कासव

दुसरं उदाहरण कोकणातलं. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था भाऊ काटदरे यांनी १९९२ साली सुरू केली. २००२ मध्ये मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर त्यांना ऑलिव्ह रिडले कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. अंडी चोरीला जात होती. संस्थेने घरटी शोधून अंडी सुरक्षित कुंपणात हलवायला सुरुवात केली.

पण वाळूत घरटं नेमकं कुठे आहे हे सर्वांत चांगलं कोणाला कळतं? जो आजवर अंडी काढत आला त्यालाच. म्हणून अशाच काही माणसांना राखणदारीच्या कामात घेतलं. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पर्यटक गावातल्या घरांत राहू लागले, घराघरात चार पैसे आले. आणि कालांतराने संस्थेने स्वतःला मागे घेतलं, काम गावकरी आणि वनखात्याच्या हाती गेलं.

समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर याने शंभर वर्षांपूर्वीच सांगितलं होतं की एका माणसाच्या करिष्म्यावर उभं राहिलेलं काम टिकायचं असेल तर कधीतरी ते नियमांत, पदांत, परंपरेत उतरावं लागतं. म्हणजे आमचा हेल्पलाईनचा विचार चुकीचा नव्हता. फक्त वेळासला जबाबदारी अनेक हंगाम हळूहळू सरकत गेली आणि आम्ही ती एका मीटिंगमध्ये सरकवली.

घाई कुठून येते?

मग संस्था एवढी घाई का करतात? एक कारण पैसा. कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सीएसआरवर खर्च करावी लागते, आणि वन्यजीवांचं रक्षण त्या यादीत बसतं. पण त्यासाठी संस्था नोंदणीकृत हवी, ऑडिट हवं, अहवाल हवेत. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने मिळालेला परदेशी निधी दुसरीला द्यायलाही बंदी झाली. मोठ्या संस्थेकडून छोट्या गटाला झिरपणारा हा पैसा थांबला.

डिमॅजिओ आणि पॉवेल या दोघांनी १९८३ साली दाखवलं की अशा दबावाखाली संस्था एकमेकींसारख्या दिसू लागतात. काही नियमांच्या सक्तीने, काही यशस्वी संस्थेची नक्कल करून, काही एकाच साच्यात शिकलेल्या व्यावसायिकांमुळे. आमचा गूगल फॉर्म हा याच नकलेचा नमुना. तो मी एका मोठ्या संस्थेचं पाहून बनवला होता. त्यात 'सापाची जात', 'वेळ', 'ठिकाण' असे रकाने होते. दादा फोनवर जे दोन प्रश्न विचारून माणसाचा जीव वाचवायचे, त्यासाठी रकाना नव्हता.

मग करायचं काय?

तुमच्या गटात, सोसायटीत, मंडळात असा बदल येऊ घातला असेल, तर माझ्या वाचनातून आणि चुकीतून निघालेल्या चार गोष्टी:

१. काय संपतंय ते मोठ्याने बोला. "उद्यापासून लोक थेट तुम्हाला फोन करणार नाहीत, तुम्हाला कसं वाटतंय?" हा प्रश्न अवघड आहे, पण अजेंड्यावर हवा.

२. जुन्या कसबाला नव्या रचनेत मानाची जागा द्या. दादांना 'सल्लागार' म्हणणं पुरेसं नव्हतं. नव्या मुलांनी त्यांच्याकडून फोनवर साप ओळखायला शिकायला हवं होतं.

३. मधल्या काळात दोन्ही व्यवस्था चालू ठेवा. निदान एक पावसाळा दोन्ही नंबर सुरू हवे होते. दुप्पट काम होतं, पण फोन वाया जात नाही.

४. कागद खरा ठेवा. वेळापत्रकात नाव असलेला माणूस गावात आहे का, हे रोज कोणीतरी पाहिलं पाहिजे. व्यवस्था आहे असं वाटणं हे व्यवस्था नसण्यापेक्षा धोक्याचं असतं.

मागच्या महिन्यात संशोधनासाठी दादांची मुलाखत घ्यायला गेले. दारातच म्हणाले, "अगं, फॉर्म भरायचाय का?" मी लाजले, ते हसले. दोन तास बोललो. मधेच फोन वाजला, नेतिवलीहून होता. दादांनी विचारलं, "अंगावर साखळीसारखे ठिपके आहेत का?" मी वही उघडली आणि पुढचे सगळे प्रश्न लिहून घेतले.

तर काकू, माणसांचं हे असं असतं त्यात.