अंगणातली पाखरं : लेखांक ७
शिंजिराला कोळीही हवा

जास्वंदीवर येणाऱ्या चिमुकल्या, चकाकत्या पक्ष्याला शहरातल्या बाल्कन्यांत सर्रास हमिंगबर्ड म्हटलं जातं. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतात. आपल्याकडे येतो तो शिंजीर, म्हणजेच सूर्यपक्षी. दोघांचं जवळचं नातं नाही, फुलातल्या मधावर जगण्याच्या सवयीनं ते एकमेकांसारखे दिसू लागले एवढंच.

झाडं निवडताना मात्र दोघांतला फरक ध्यानात ठेवावा लागतो. हमिंगबर्ड हवेत एका जागी तरंगत मध पितो. शिंजिराला ते क्षण-दोन क्षणच जमतं, मग त्याला फुलालगत काडी लागते. म्हणून नाजूक लोंबत्या वेलीपेक्षा काटक फांद्यांचं झुडूप लावा. धायटी आणि अडुळसा ही आपल्याच मातीतली झुडपं मला सर्वांत पसंत आहेत. जागा असेल तर पांगारा आणि केळ. जास्वंदीवरही तो येतो, पण बरेचदा फुलाच्या बुडाशी भोक पाडून परस्पर मध पळवतो. त्यात फुलाचं परागीभवन होत नाही. तरीही जास्वंद असू द्या, त्याचं पोट भरतं.

साखरेच्या पाण्याची बाटली टांगण्याची पद्धत अमेरिकेतून आपल्याकडे आली. आपल्या उकाड्यात ते पाणी लवकर आंबतं, बाटलीत बुरशी धरते आणि पक्षी आजारी पडू शकतो. बाटलीच्या पैशात धायटीचं रोप आणावं, असं मी आग्रहानं सांगेन.

आता खरी गोष्ट. नुसत्या मधावर शिंजिराची पिल्लं वाढत नाहीत. त्यांना लागतात मऊ अळ्या, बारीक किडे आणि कोळी. घरट्यालाही कोळीच लागतो. गवताच्या काड्या, सालीचे तुकडे, वाळकी पानं असं सगळं मादी कोळिष्टकांच्या चिवट धाग्यांनी बांधते आणि फांदीच्या टोकाला लांबट थैली लोंबकळू लागते. वरच्या बाजूला दार, दारावर छोटीशी पडवी, आत मऊ कापसाचं अस्तर आणि बहुधा २ अंडी. बाहेरून पाहिलं तर वाऱ्यानं अडकलेला कचराच वाटावा. साफसफाईत ही घरटी जातात ती यामुळेच.

तेव्हा कुंड्यांमागची, कोनाड्यातली कोळिष्टकं झाडू नका. मावा दिसला की लगेच फवारणी करू नका. त्या फवाऱ्यानं पिल्लांचा घासच जातो, आणि विष अंगात भिनलेले किडे मादी पिल्लांना भरवते ते वेगळंच. मावा फारच वाढला तर पाण्याच्या जोरदार धारेनं धुऊन काढावा.

घरटं कपड्यांच्या दोरीवर किंवा विजेच्या वायरवर लागलं, तर पिल्लं उडेपर्यंत कपडे दुसरीकडे वाळत घाला आणि रंगकाम पुढं ढकला. फोटोसाठी फांदी वाकवू नका. उघड्या पडलेल्या घरट्यावर कावळ्याची नजर लगेच जाते.

पुढील लेखांकात : बुलबुल