आधी कोण, आणि कोणावाचून अडतं?

२००८ साली पोर्टलंडच्या लिनक्स प्लंबर्स परिषदेत इंटेलच्या अर्जन व्हॅन डी व्हेन आणि ऑके कॉक या अभियंत्यांनी ई-पीसी हा चिमुकला लॅपटॉप पाच सेकंदांत सुरू करून दाखवला. त्याच यंत्रावर फेडोरा या लिनक्सला पाऊण मिनिट लागे. थोडीफार काटछाट करून त्यांचं समाधान होणार नव्हतं. पाच सेकंद आधी ठरवले आणि मग प्रत्येक टप्प्याला त्याचा वाटा दिला.

तोवर बहुतेक लिनक्समध्ये सेवा सुरू करणाऱ्या स्क्रिप्टच्या नावातच क्रमांक असे आणि त्या क्रमाने एकेक स्क्रिप्ट चाले. छपाईच्या सेवेचा आणि घड्याळ जुळवणाऱ्या सेवेचा काडीचा संबंध नसला, तरी एकीचं आटपेपर्यंत दुसरी थांबून राही. प्रोसेसरही तेवढा वेळ रिकामा.

२०१० मध्ये लेनार्ट पोटरिंग आणि के सीव्हर्स यांनी सेवा सुरू करणारं नवं सॉफ्टवेअर, सिस्टिमडी, जाहीर केलं. पुढल्याच वर्षी ते फेडोरा १५ मध्ये आलं, तर २०१५ मध्ये डेबियन आणि उबुंटूमध्ये. ॲपलच्या लाँचडीकडून घेतलेली एक सुंदर युक्ती त्यात आहे. सेवा उठण्याआधीच सिस्टिमडी तिचं सॉकेट, म्हणजे निरोप येण्याचं दार, उघडून ठेवतं. तिच्यासाठी आलेले निरोप कर्नल धरून ठेवतो. त्यामुळे निरोप देणारी आणि घेणारी, दोघी एकदमच सुरू होऊ शकतात.

तरीही बूट रखडतो, आणि बहुतेकदा दोष आपण लिहिलेल्या युनिट फाइलचा, म्हणजे सेवा कधी व कशी सुरू करायची ते सांगणाऱ्या फाइलचा असतो. ‘रिक्वायर्स’ किंवा ‘वॉन्ट्स’ म्हणजे गरज. ‘आफ्टर’ म्हणजे क्रम. या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या आहेत. नुसतं ‘रिक्वायर्स’ लिहिलं तर दोन्ही सेवा एकाच वेळी सुटतात. नुसतं ‘आफ्टर’ लिहिलं तर दुसरी सेवा ओढून आणली जात नाही. दोघी सुरू होणारच असतील तर क्रम तेवढा पाळला जातो. हा फरक न कळल्याने लोक खबरदारी म्हणून जागोजागी ‘आफ्टर नेटवर्क-ऑनलाइन’ लिहितात, आणि आपण सोडून दिलेली जुनी रांग पुन्हा उभी राहते. सगळ्या पत्त्यांवर ऐकणाऱ्या वेब सर्व्हरला नेटवर्क जोडलं जाईपर्यंत थांबायचं कारणच नसतं. दूरच्या सर्व्हरवरचं फोल्डर माउंट करायचं असेल, तर मात्र थांबणं रास्त आहे.

रखडण्याचं कारण शोधताना, कोणत्या सेवेला किती वेळ लागला ते सांगणाऱ्या ‘सिस्टिमडी-ॲनालाइझ ब्लेम’च्या यादीत सर्वांत वर दिसणाऱ्या सेवेवर लगेच कुऱ्हाड चालवू नये. ती वीस सेकंद घेत असेल, पण तिच्यासाठी कोणी खोळंबलेलं नसेल तर तिला बंद करून लॉगिन लवकर येणार नाही. त्याऐवजी ‘सिस्टिमडी-ॲनालाइझ क्रिटिकल-चेन’ पाहावी, कोण कोणासाठी अडलं ते तिथे दिसतं.

आणि बूट बरोबर दीड मिनिट थिजत असेल तर एफएसटॅब, म्हणजे माउंट करायच्या डिस्कची यादी असलेली फाइल, उघडावी. काढून ठेवलेल्या एखाद्या डिस्कची ओळ तिथे उरलेली असण्याची शक्यता मोठी, कारण ९० सेकंद ही सिस्टिमडीची ठरलेली मुदत आहे. डिस्क कायमची गेली असेल तर ती ओळ काढावी. अधूनमधून जोडली जात असेल तर ‘नोफेल’ हा पर्याय द्यावा, म्हणजे तिच्यासाठी बूट अडत नाही.