गिऱ्हाईक कोणाचे? जाहिरात आणि दलाली यांचा हिशेब

बालाघाटाच्या उतारावरील सीताफळ झाडावरून उतरविले म्हणजे तीन-चार दिवसांत पिकते, आणि पिकल्यानंतर ते फार काळ टिकत नाही. शिरूर कासार तालुक्यातील ज्या शेतकऱ्यांच्या बांधावर अगर माळावर ही झाडे आहेत, त्यांना हंगामातील प्रत्येक दिवस मोलाचा असतो. गिऱ्हाईक आज मिळाले तर फळाचा पैसा होतो, परवा मिळाले तर खत होते. सन २०१६ मध्ये बीडच्या सीताफळास भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे नावाला वजन आले हे खरे. तथापि फळाची पेटी पुण्याच्या गिऱ्हाइकाच्या दारात पोहोचविण्याचे काम उत्पादकालाच करावे लागते.

ही अडचण केवळ सीताफळाची नाही. शेवया-पापड करणारा महिला बचत गट, कलमे विकणारा रोपवाटिकाधारक, मळणीयंत्र भाड्याने देणारा तरुण अशा सर्व लहान व्यावसायिकांपुढे आज गिऱ्हाईक मिळविण्याचे दोन नवे मार्ग आहेत. एक, मोबाइलवरील फेसबुक, इन्स्टाग्राम यांसारख्या माध्यमांत पैसे भरून जाहिरात करणे. दुसरा, गिऱ्हाईक आणून देणाऱ्या संस्थेस अगर व्यक्तीस आणलेल्या कामाप्रमाणे पैसे देणे. या दुसऱ्या व्यवहारात चौकशी करणाऱ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक यांस ‘लीड’ असे म्हणतात. दोन्ही मार्ग सांगणारे लोक गावोगाव येऊ लागले आहेत, आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यास त्यांतला चांगला कोणता असे विचारले जाते. या प्रश्नाचे उत्तर हिशेबातून शोधावयास हवे.

पैसे नेमके कशाचे?

फेसबुकवरील जाहिरात हा एक प्रकारचा लिलाव आहे. पाहणाऱ्याच्या पडद्यावर जी मोकळी जागा असते, तिच्यासाठी अनेक जाहिरातदारांची बोली तेथे यंत्राकडूनच लागते. जास्त बोली करणाऱ्यालाच जागा मिळते असेही नाही; कोणता मनुष्य कोणत्या जाहिरातीकडे लक्ष देईल, याचाही अंदाज कंपनी घेते. जाहिरातदार रोजचा खर्च ठरवून देतो. पैसे बहुधा जाहिरात किती वेळा दाखविली यावर आकारले जातात. पाहणाऱ्याने फळ घेतले की नाही, याच्याशी कंपनीचा संबंध नसतो. बाजाराच्या दिवशी दवंडी पिटणाऱ्याला द्यावयाच्या पैशासारखाच हा खर्च आहे; दवंडी ऐकून कोणी आले नाही म्हणून पिटणारा आपली मजुरी सोडत नाही.

या दवंडीत एक सोय मात्र मोठी आहे. ती कोणत्या गावी व किती अंतरापर्यंत ऐकू जावी, हे ठरविता येते. मळणीयंत्रवाल्याने आपल्या गावाभोवतीचे वीस-पंचवीस किलोमीटर एवढेच क्षेत्र निवडावे. सीताफळवाल्याने ज्या शहरास रोज गाडी जाते, तेवढेच शहर निवडावे. सबंध महाराष्ट्र निवडला म्हणजे गिऱ्हाईक वाढते, हा समज चुकीचा आहे. कोल्हापूरच्या मनुष्याने पेटी मागितली आणि ती पोहोचविता आली नाही, तर जाहिरातीचे पैसे गेले आणि वर बोल लागला.

लीडच्या पद्धतीचा पाया निराळा आहे. फळ दिसेल तेव्हाच पैसे, असे तिचे म्हणणे. ॲमेझॉन या अमेरिकी कंपनीने १९९६ साली, आपल्याकडे गिऱ्हाईक पाठविणाऱ्यांस विक्रीवर दलाली देण्याची योजना सुरू केली, तेव्हापासून ही रीत इंटरनेटवर रूढ होत गेली. लहान मनुष्यास ती आवडते, कारण वाया जाण्याची जोखीम दुसरा घेतो. परंतु ‘फळ’ म्हणजे काय, हे आधी ठरवून घेतले पाहिजे. कोणी चौकशी केली हे एक फळ, कोणी मागणी नोंदविली हे दुसरे, आणि माल पोहोचून पैसे हाती पडले हे तिसरे. या तिहींत बी, रोप आणि रास यांच्याइतके अंतर आहे. बरेच लीड विकणारे पहिल्याच टप्प्याचे पैसे घेतात, आणि एकच चौकशी चार-पाच विक्रेत्यांस विकण्याची प्रथाही या धंद्यात आहे. मोबाइलवरील चौकशीच्या तक्त्यात नाव व क्रमांक पुष्कळदा आपोआप भरलेले येतात. नुसते बोट लागले तरी ‘चौकशी’ तयार होते. असा मनुष्य दुसऱ्या दिवशी फोन केला असता, आपण काही विचारल्याचे आठवत नाही असे सांगतो. पैसे मात्र लागून गेलेले असतात.

मुकादमाचे उदाहरण

कामाच्या फळावर दलाली कशी चालते, हे बीड जिल्ह्यास कोणी शिकवावयास नको. दिवाळीच्या आगेमागे या भागातून ऊसतोडणीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. टोळी जमविणारा मुकादम कारखान्यास मजूर मिळवून देतो, आणि तोडलेल्या उसाच्या मजुरीवर त्याला कमिशन मिळते. २०२४ च्या जानेवारीत झालेल्या करारात हे कमिशन १९ टक्क्यांवरून २० टक्के झाले. ऊस तुटला तरच कमिशन; तेव्हा ही फळावरची दलालीच होय. मुकादमाचे काम सोपे नाही आणि त्यात त्याची जोखीमही असते, हे मान्य केले पाहिजे.

पण या व्यवहारात एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. वर्षानुवर्षे कोयता चालविणाऱ्या जोडप्याची कारखान्याशी स्वतःची ओळख होत नाही. कारखाना ओळखतो मुकादमाला, आणि जोडपेही ओळखते मुकादमालाच. त्यामुळे दहाव्या हंगामातही पहिल्या हंगामाइतकेच कमिशन मध्ये राहते. दलालीचा खरा खर्च टक्क्यांत सगळा दिसत नाही. ओळख कोणाकडे राहते, यात तो दडलेला असतो. फळे-भाजीपाल्याच्या आडतीचा भार २०१६ साली शेतकऱ्यावरून काढून खरेदीदारावर टाकण्यात आला. त्याने दलाली कोणी द्यावी हे बदलले, गिऱ्हाईक कोणाच्या ओळखीचे हे बदलले नाही.

तीन हंगामांचा हिशेब

आता एक उदाहरण मांडून पाहू. आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपले घालावेत.

समजा, एका शेतकऱ्याने रोज ३०० रुपयांप्रमाणे पाच दिवस जाहिरात केली. खर्च १,५०० रुपये, त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर २७० रुपये, एकूण १,७७० रुपये. चौकशा ५९ आल्या, म्हणजे एक चौकशी ३० रुपयांस पडली. हा आकडा पाहून मनुष्य खूश होतो. पण त्यातील बहुतेकांनी भाव विचारून फोन ठेवला, काहींनी उचललाच नाही, आणि प्रत्यक्ष मागणी सहा जणांनी केली. तेव्हा एक मागणी २९५ रुपयांस पडली. प्रत्येकाने दोन पेट्या घेतल्या, पेटीचा भाव ४०० रुपये, आणि तोडणी, पेटी व वाहतूक वजा जाता पेटीमागे १२० रुपये उरतात असे धरू. म्हणजे एका मागणीत २४० रुपये मिळाले आणि २९५ गेले. सहा मागण्यांत ३३० रुपये तोटा.

याच सहा मागण्या २० टक्के दलालीवर आल्या असत्या, तर प्रत्येक ८०० रुपयांच्या विक्रीवर १६० रुपये दलालास जाऊन ८० रुपये उरले असते; सहा मागण्यांचे ४८०. पहिल्या हंगामात दलाली सरस ठरते, यात शंका नाही.

पुढच्या हंगामात काय होते ते पाहावे. जाहिरातीतून आलेल्या सहांपैकी चौघांनी फळ आवडल्यामुळे स्वतः फोन केला, तर त्यांच्यावर नवा खर्च नाही. ९६० रुपये पूर्ण हातात. दलालीवाल्यांचे तेच चौघे पुन्हा दलालामार्फतच येतात; हाती ३२०. दोन हंगाम मिळून जाहिरातवाल्याचे ६३० आणि दलालीवाल्याचे ८०० होतात. तिसऱ्या हंगामाअखेर मात्र जाहिरातवाल्याचे १,५९० आणि दलालीवाल्याचे १,१२० होतात. पारडे फिरते ते येथे.

अर्थात हे सर्व गिऱ्हाईक परत आले तरच. फळ किडके निघाले, पेटी दबली, तर तिसरा हंगाम येतच नाही. शिवाय ज्याने जाहिरातीचे पैसे व्याजाने काढले आहेत, त्याला पहिल्या वर्षाचा तोटा सोसवणार नाही. अशाने दलालीवरच सुरुवात करणे शहाणपणाचे. मात्र बोलणी करताना, दलाली पहिल्या मागणीवर मिळेल, नंतरच्यांवर नाही, एवढी अट घालून पाहावी. ओळखीच्या मनुष्यामार्फत, किंवा शहरातील गृहनिर्माण संस्थेत माल पोहोचविणाऱ्या तरुणामार्फत विक्री असेल, तर अशी अट मान्य होऊ शकते. पेटीत आपले नाव, गाव आणि क्रमांक छापलेली चिठ्ठी घालावी. मोठ्या संस्थांच्या करारात त्यांच्या गिऱ्हाइकाशी परस्पर व्यवहार करण्यास पुष्कळदा मनाई असते, म्हणून असा करार सही करण्यापूर्वी वाचून घ्यावा.

मळणीयंत्रवाल्याचा हिशेब थोडा निराळा येतो. गिऱ्हाईक शेजारच्याच गावचे, काम मोठे आणि दरवर्षीचे. त्याला दोन-चार मागण्यांतही जाहिरातीचा खर्च भरून निघू शकतो. बचत गटाच्या पापडाचे उलट आहे. नफा थोडा, म्हणून पैसे भरून जाहिरात करण्यापेक्षा व्हॉट्सॲपवरील जुन्या गिऱ्हाइकांना उन्हाळ्यापूर्वी एक निरोप धाडणे त्यांना अधिक परवडते.

शेळीपालकांनी एक नियम ध्यानात ठेवावा. खासगी व्यक्तींनी आपसांत जिवंत जनावरांची खरेदी-विक्री करण्यास फेसबुकच्या नियमांनुसार मनाई आहे. बकरी ईदच्या तोंडावर बोकडाचे चित्र टाकून किंमत लिहिली आणि ते काढून टाकण्यात आले, तर ऐन वेळी हंगाम हातचा जातो. तेथे बाजार आणि ओळखीचा व्यापारी यांवरच भिस्त ठेवावी.

मजकुराविषयीही दक्षता हवी. ‘बीड सीताफळ’ या मानांकनाचा उपयोग करावयाचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. फळाने अमुक रोग बरा होतो असे लिहू नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

वहीतील पाच रकाने

हे हिशेब ठेवण्यास शाळेची एक वही पुरे. गिऱ्हाइकाचे नाव व क्रमांक, ते कोठून कळून आले, चौकशीची तारीख, मागणी व हाती आलेली रक्कम, आणि पुन्हा आले की नाही, असे पाच रकाने आखावेत. क्रमांक लिहिताना, पुढच्या हंगामात कळविले तर चालेल काय, असे विचारून घ्यावे; वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली झालेला कायदा मनुष्याच्या संमतीस महत्त्व देतो, आणि विचारलेले गिऱ्हाइकास आवडतेही. आठवड्याच्या अखेरीस झालेला एकूण खर्च प्रत्यक्ष मागण्यांच्या संख्येने भागावा. येणारा आकडा एका मागणीतील नफ्याहून मोठा असेल, तर जाहिरात त्याच दिवशी थांबवावी आणि आधी आलेल्या चौकशांना पुन्हा एकदा फोन करावेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी तोड सुरू होण्यापूर्वी, ऑगस्टच्या सुमारास, दोन-तीन उत्पादकांकडून अशी वही आखून घ्यावी आणि हंगाम संपल्यावर ती त्यांच्यासमवेत बसून पाहावी. दुसऱ्या गावी कोणी लीड विकावयास आले, तर त्याला दाखविण्यास ती वही उपयोगी पडेल.